ताईच्या हृदयातली लाईन

माझ्या बहिणीला मिरगी नव्हती. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ओरडून सांगितलं आहे की आता लिहितानाही माझा आवाज चढतो. तिच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा निरोप मधेच अडत होता. निरोप पोचला नाही की खालचे कप्पे आपल्या मर्जीने, अगदी संथ चालत. कधीकधी तेही थांबत. मग मेंदूला रक्त मिळेना आणि ताई असेल तिथे कोसळे. हातपाय झटके देत, डोळे वर जात. बघणाऱ्याला ती मिरगीच वाटणार, हे मला मान्य आहे. पण बघणाऱ्यांमध्ये एक डॉक्टरही होता, आणि त्याला नुसतं वाटून घ्यायची मुभा नव्हती.

मी तेव्हा पुण्यात एका संस्थेत हृदयच चालवत होते, संगणकावर. आकड्यांचं हृदय. त्याचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याला समीकरणं द्यायची. शेजारचा पेटला की याने पेटायचं, पुढच्याला पेटवायचं, आणि मग थोडा वेळ कुणी कितीही हलवलं तरी उठायचं नाही. असे लाखो तुकडे एकमेकांना निरोप देत गेले की पडद्यावर एक लाल लाट वरून खाली सरकते. तो एक ठोका. हृदयाच्या मांसाला वीण असते. वीज विणीच्या बाजूने भरभर जाते, आडवी जायला वेळ घेते. अड्याळच्या आमच्या घरात बाबांचा हातमाग होता, त्यामुळे उभा ताणा वेगळा वागतो आणि आडवा बाणा वेगळा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. समीकरणं सोडवताना मात्र घाम फुटला. संगणकावर सकाळी लावलेला ठोका संध्याकाळी पुरा होई.

हे सगळं माझ्या आईने गावात एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "पोरगी दिलाची डाक्टर होऊन राह्यली." मग मी सुट्टीत घरी आले की अंगणात माणसं. कुणाच्या छातीत दुखतं, कुणाचा गुडघा धरतो. मी म्हणायची, मी औषधं देणारी डॉक्टर नाही. "मंग कायची हायेस?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही एका दमात देता येत नाही. आई तेवढ्यापुरती हिरमुसायची, पण दुसऱ्या दिवशी बाजारात पुन्हा तेच सांगायची.

ताई कोंढ्याला दिलेली. धानाची शेती, घरात कारभार भासऱ्यांचा, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाचा. सासू-सासरे नव्हते. थोरली जाऊ होती, तिला मूल नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धानाची रोवणी चालू असताना ताई बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, तोंडावर पडली, चिखलात. बायकांनी ओढून बांधावर घेतलं नसतं तर घोटाभर पाण्यात ती बुडून मेली असती. त्या दिवशी तिच्या नाकाला पहिल्यांदा चप्पल लावली. आमच्याकडे झटके आले की जोडा हुंगवतात. ताई शुद्धीवर आली, कारण ती तशीही येणारच होती. पण श्रेय चपलेला गेलं आणि आजाराला नाव मिळालं. साकोलीला भासऱ्यांच्या ओळखीचा एक डॉक्टर होता. त्याने भासऱ्यांचं वर्णन ऐकलं आणि मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. ताईच्या छातीला त्याने नळी लावली की नाही, हे तिला आठवत नाही. न लावल्याचं मात्र मला खात्रीने वाटतं, कारण लावली असती तर बहिऱ्यालाही कळलं असतं की हे हृदय फार सावकाश चाललं आहे.

गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची. पडायची ती पडायचीच. मग पोरगी झाली. पोर काही महिन्यांची असताना ताई तिला आंघोळ घालता घालता कोसळली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पाण्याने भरलेला पितळी गंज तेवढा कलंडला. पण भासऱ्यांनी त्याच दिवशी हुकूम सोडला, "आजपासून पोरीले हात लावू नोको." पोर थोरल्या जावेच्या पदरात गेली. दूध पाजायचं तेव्हा ताईच्या मांडीवर देत, आणि समोर कुणीतरी हात पुढे करून बसत असे, की ही पडली तर पोर झेलता यावी. असं दूध पाजून बघा एकदा. मला हे ताईने पुष्कळ उशिरा सांगितलं, आणि सांगताना ती हसली. तिच्या त्या हसण्याचासुद्धा मला राग आला.

पोर दूध सोडून भात खाऊ लागली तेव्हा समोर बसायचंही कारण उरलं नाही. ती जावेला "माय" म्हणू लागली. घरात सगळे ताईला "लहानी" म्हणत, धाकटी सून म्हणून. पोरही "लहानी"च म्हणायला शिकली.

मी ताईला पडताना पाहिलं ते एका दिवाळीच्या सुट्टीत, कोंढ्यालाच. ती सुपात तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसून बोलत होते. बोलता बोलता सूप हातातून सुटलं, तांदूळ पसरले आणि ती एका कुशीवर गेली. चेहरा पांढराफटक. भासरे ओट्यावरून ओरडले, "जोडा आना, जोडा!" कुणी चप्पल आणली, कुणी पाय धरले, कुणी मुठी उघडायला लागलं. मी तिचं मनगट धरलं. नाडी नव्हती. मी बोटं सरकवली, पुन्हा दाबली. नाही. मग एक ठोका आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. हळूहळू ठोके लागले आणि तिचा पांढरा चेहरा एकदम लालबुंद झाला, अडलेलं रक्त परत आलं तसा. हा सगळा क्रम मी पडद्यावर मुद्दाम घडवून पाहिला होता. वरच्या-खालच्या कप्प्यांमधला पूल तोडायचा, खालचे कप्पे थांबवायचे, पुन्हा चालू करायचे. माझ्या प्रबंधातलं ते एक प्रकरण होतं. इतक्या वर्षांत त्या घरातल्या सगळ्यांचे हात चपलेकडे गेले होते, तिच्या मनगटाकडे एकाचाही गेला नव्हता.

"हे मिरगी नाही, दिलाचं हाये," मी म्हणाले.

"मिरगीच हाये थे," भासरे म्हणाले. "डाक्टरनं सांगतलं."

दुसऱ्या दिवशी मी ताईला आणि भासऱ्यांना घेऊन साकोलीला त्याच डॉक्टरकडे गेले. हृदयाचा आलेख काढा म्हटलं. त्याने मला विचारलं, डॉक्टर तुम्ही की मी? मी म्हटलं, तुम्हीच, म्हणूनच तुम्ही काढा. त्याच्याकडे मशीन होतं, कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेलं. मी खुर्चीवरून उठत नाही असं दिसल्यावर त्याने टॉवेल काढला.

कागद बाहेर आला आणि मी त्यावर वाकले. वरच्या कप्प्यांच्या बारीक लाटा आपल्या तालात भरभर चाललेल्या, खालच्यांच्या मोठ्या लाटा आपल्या तालात रखडत. एका घरात राहून दोन भावांच्या चुली वेगळ्या व्हाव्यात तसं. डॉक्टरने कागद बराच वेळ पाहिला. माझं चुकलं, असं तो म्हणाला नाही. ताईकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो भासऱ्यांना म्हणाला, "बाईच्या हार्टची लाईन कट झाली आहे. नागपूरला नेऊन मशीन बसवून घ्या. मग मशीनवर चालेल हार्ट." आणि त्याने पुढच्या पेशंटला आवाज दिला.

एवढंच. वर्षानुवर्षांची चूक त्याने तीन वाक्यांत गुंडाळली, आणि तीही अशी की त्यातून नवी चूक जन्माला यावी. कारण आमच्याकडे विजेला वीज म्हणत नाहीत, लाईन म्हणतात. लाईन आली, लाईन गेली. आणि ती वर्षं भारनियमनाची होती. लाईन जास्त वेळ नसायचीच.

घरी आल्यावर भासरे खाटेवर बसले. आजूबाजूची चार माणसं जमली. भासरे दुष्ट माणूस नव्हते, हे मला लिहावं लागतं आहे आणि लिहिताना जड जातं आहे. पैशाचाही प्रश्न नव्हता, खर्च सरकारी योजनेत बसत होता. पैसा अडला असता तर मला निदान समजलं असतं. भासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "आपल्या कोंढ्यात लाईन राह्यते कवा, मले सांग. सकाळी जाते, दुपारी येते, आली का पुन्हा जाते. मशीन बंद पडली त लहानी गेलीच ना? आता निदान पडते अन् उठते त खरी."

"भाऊ, थे लाईनवर नाही चालत. आतमंधी बॅटरी राह्यते."

"बॅटरी चार्ज कायच्यावर करतेत? लाईनवरच ना?"

"चार्ज करा नाही लागत. कितीक वर्षं चालते तशीच."

यावर जमलेली माणसं हसली. भासरेही हसले. "माया मोबाईलची दोन दिवस नाही पुरत, अन् हे वर्षं चालते म्हंते! अशी बॅटरी निंगाली असती त आपण मोटारपंपाले नसती लावली का? धान काहून वाळू देलं असतं?"

प्रश्न बिनतोड होता. ज्याच्या बांधीत पाणी सोडायची वेळ लाईन ठरवते, त्या माणसाला तुम्ही "हृदयाची लाईन" आणि "मशीनवर चालेल" असे शब्द देता, तेव्हा तो याच निष्कर्षाला येणार. उंटावरून शेळ्या हाकणारा तिकडे साकोलीत पुढचा पेशंट तपासत होता, आणि त्याने फेकलेल्या दोन शब्दांशी मी इकडे अंगणात झोंबत होते. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. मूग गिळून. त्यांची बायको, त्यांचं लेकरू, आणि त्यांच्या तोंडातून हं की चूं नाही.

तेव्हा मला वाटलं, दाखवते. माझ्याजवळ संस्थेचा लॅपटॉप होता. त्यात मी आधीच चालवून ठेवलेली हृदयं होती. मी तो खाटेवर ठेवला, माणसं वाकून बघू लागली, ताई आणि जाऊ दारात येऊन उभ्या राहिल्या, पोर जावेच्या कडेवर. मी आधी निरोगी हृदय दाखवलं. लाल लाट वरून खाली उतरली. "हे पाहा, असं पाह्यजे." मग पूल तुटलेलं. वरचे कप्पे चमकत राहिले, खालचे काळे. "हे ताईचं." भासरे पुढे झुकले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं. "अन् आता हे मशीन," मी म्हणाले. खालच्या कप्प्यांच्या टोकाशी एक ठिणगी पडली आणि लाट उलटी वर चढत गेली, खालचा सगळा भाग लाल झाला, विझला, पुन्हा लाल झाला. ताईचा हात तिच्या छातीवर गेलेला मी पाहिला.

आणि पडदा काळा झाला.

लाईन सकाळपासून नव्हती. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. त्या काळ्या काचेत वाकलेल्या डोक्यांच्या सावल्या दिसत होत्या.

"पाह्यलं?" भासरे हळूच म्हणाले. "गेली."

त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता, उलट माझी कीव होती. त्यानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो लॅपटॉप उचलून गावच्या बोडीच्या पाण्यात फेकून द्यावा असं वाटलं. मी काहीतरी भयंकर बोलले, अडाणी वगैरे, आणि माणसं उठून गेली. माझा राग नेमका कुणावर होता? सगळ्यांवर. त्या डॉक्टरवर, आमच्या गावांना अंधारात ठेवून शहरांत रोषणाई करणाऱ्यांवर, भिंतीला टेकलेल्या भाऊजींवर, आणि पुण्यातल्या त्या थंडगार खोलीवर, जिथे मी हृदय हवं तेव्हा बंद करत होते आणि हवं तेव्हा चालू.

संध्याकाळी मी सामान भरत होते तेव्हा ताई आत आली. दार लोटून घेतलं.

"मशीन बसल्यावर मी पडन का?"

"नाही."

"पोरीले घेता येईन?"

"येईन."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग सकाळच्या गाडीनं चाल," ताई म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने त्या घरात स्वतःबद्दल केलेली ही पहिली गोष्ट असावी. भासरे म्हणाले, काही झालं तर आमची जबाबदारी नाही. ताईने मान डोलावली. पोरीला सकाळी झोपेतून उठवू नका असं जावेने सांगितलं, म्हणून ताईने तिला दारातूनच पाहिलं. भाऊजींनी पिशवी सायकलला अडकवून स्टँडपर्यंत आणली. बस आली, पिशवी वर दिली, आणि ते खालीच उभे राहिले. मी खिडकीतून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान फिरवली.

नागपूरला सही कोण करणार, नवरा कुठे आहे, हे विचारून झालं. मी म्हटलं, शेतावर आहे, आणि सही मी केली. डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी डबी बसली. आतल्या तारेचं टोक माझ्या पडद्यावर मी ठिणगी ठेवली होती साधारण तिथेच. तिथल्या तरुण डॉक्टरने ताईला स्वतःला समोर बसवून सगळं सांगितलं, बॅटरी किती वर्षं पुरते, काय करायचं, काय नाही. मिरगीच्या गोळ्या त्याने बंद केल्या. त्या दोन दिवसांत मला माझ्या मार्गदर्शकांचा फोन आला. ताईचा आलेख मिळेल का, फार सुंदर केस आहे, म्हणाले, तुमच्या प्रबंधाला घरचंच उदाहरण मिळालं. सुंदर! मी फोन ठेवून दिला. नंतर त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

डावा हात काही आठवडे वर उचलायचा नाही, ओझं घ्यायचं नाही, म्हणून ताई अड्याळला आईकडे राहिली, आणि सुट्टी होती तोवर मीही. गोळ्यांची गुंगी उतरली तशी ती मला ओळखू येईना. भरभर चालायची, मोठ्याने बोलायची, बाबांच्या मागाशी उभी राहून त्यांच्याशी वाद घालायची. एकदा म्हणाली, "इतके वर्षं मले वाटे, मी आळशी हावो." एकदा भाऊजी तांदळाचं पोतं घेऊन आले. ताईने त्यांच्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "पोरगी?" त्यांनी सांगितलं, वहिनीने पाठवली नाही, उन्हाचं कशाला. ऊन नव्हतं त्या दिवशी, आभाळ होतं. मी म्हटलं तसं. आई म्हणाली, तू गप बस, जवाई आहेत. मी गप बसले नाही, पण माझ्या बोलण्याने पोर काही आली नाही.

नागपूरच्या डॉक्टरने हात मोकळा केला त्याच आठवड्यात मी पुण्याहून आले आणि ताईला कोंढ्याला पोचवायला गेले. अंगणात पोर खेळत होती. ताईने पिशवी माझ्याकडे दिली आणि सरळ तिच्याकडे गेली. खाली वाकून दोन्ही हातांनी तिला उचललं. पोरीने एक क्षण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली. "माय! माय! लहानीनं धरलं!"

जाऊ आतून धावत आली, पिठाच्या हातांनी. दोन्ही हात पुढे. भासरे ओट्यावर उभे राहिले. भाऊजी गोठ्यातून बाहेर आले. मी जावेला काहीतरी ठणकावून सांगायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहिला. ती रडायच्या बेतात होती. त्या पोरीची रात्रीची दुखणी तिने काढली होती, तिला पहिला घास तिने भरवला होता. तिच्यावर राग काढावा तर तो काढता येईना, आणि गिळावा तर गिळवत नव्हता.

"ठेव तिले खाली, बाई," जाऊ म्हणाली. "भेऊन राह्यली थे."

"भेऊ दे," ताई म्हणाली. "मी आता पडत नाही."

"रडून राह्यली ना पण."

"रडू दे."

कुणी पुढे आलं नाही. पोर मागे रेलत होती, पाय झाडत होती, माय माय करत ताईच्या खांद्याखाली बुक्क्या मारत होती, डाव्या बाजूला, जिथे टाक्यांची जागा अजून कोवळी होती. दुखत असणार, कारण ताईचे डोळे भरले होते. तिने पोरीला खाली ठेवलं नाही.